परवानगी द्या किंवा अडवा

वीजबिल भरत होतो. ओटीपी टाकणार, तेवढ्यात संगणकाची राखण करणाऱ्या फायरवॉलची चौकट मध्येच टपकली: ‘एसव्हीसीहोस्ट.ईएक्सई संपर्क साधू पाहत आहे. पत्ता २३९.२५५.२५५.२५०, पोर्ट १९००.’ खाली दोनच बटणं, परवानगी द्या किंवा अडवा. ‘मला काय विचारता?’ असं तिसरं बटण नाही.

नेमके तेव्हाच तळमजल्यावरचे काका मेंटेनन्सची पावती घेऊन आले. कपाळावरचा चष्मा नाकावर आला.

“२३९? आपल्याकडचा नाही हा. चीन असणार.”

“काका, तो फोन नंबर नाहीये.”

“तू लावून बघितलास?”

नाही म्हणेपर्यंत त्यांनी ठिपके गाळून बाराच्या बारा आकडे दाबलेसुद्धा, तेही स्पीकरवर. ‘आपण डायल केलेला क्रमांक अस्तित्वात नाही.’

“बघ! बंद करून ठेवलाय. सराईत दिसतोय.”

मग टीव्हीच्या मागे टॉर्च मारून त्यावरचं लेबल वाचून झालं, वॉचमनला इंटरकॉमवरून ‘आज कोण कोण आलं होतं’ विचारून झालं, आणि एवढ्यात ओटीपीची मुदत संपली.

हा पत्ता कुणा एकाचा नसतोच. विंडोज घरातल्या घरात हाळी देतं, ‘टीव्ही, प्रिंटर, आहे का रे कुणी?’ एवढंच. मी हे काकांना सांगितलं. “असं तो म्हणतो,” काका म्हणाले.

बरं, बाहेरचे चोर खोटे नाहीत. २०१६ साली मिराई नावाच्या घातक प्रोग्रामने पोर्ट २३ हे दार ठोठावत, कारखान्यातून आलेला पासवर्ड कुणी बदलला नव्हता असे कॅमेरे नि राउटर लाखोंनी पळवले. तसली टकटक आजही चालूच असते. पण ती बहुतेक राउटरवरच अडते, मला कुणी विचारत नाही. मला विचारतात ते घरच्याच टीव्हीबद्दल! आणि एसव्हीसीहोस्ट म्हणजे विंडोजच्या डझनावारी सेवांचा एकच बुरखा. आत कोण आहे ते सांगा ना! ‘विंडोज टीव्ही शोधतंय’ एवढं लिहायला काय जातं? वर्गणी तर दरवर्षी न चुकता कापता. पण नाही. माणूस कंटाळून दिसेल त्याला परवानगी देत सुटतो, आणि उद्या खरंच खातं साफ झालं की यांच्या नोंदीत स्वच्छ लिहिलेलं असणार: ‘वापरकर्त्याने परवानगी दिली.’