जितका छळ तितकं फळ? पेरूच्या फांद्या वाकवण्याबद्दलच्या दाव्याचा प्रतिवाद

बागायतदारांच्या आणि गच्चीवर कुंड्या सांभाळणाऱ्यांच्या गटांत एक मजकूर फिरतो आहे. त्याचा सारांश असा: पेरूच्या सगळ्या फांद्या जमिनीकडे ओढून घट्ट बांधा किंवा त्यांना दगड लटकवा, पानं ओरबाडून टाका. आपण आता मरणार असं झाडाला वाटतं आणि वंश टिकवण्यासाठी ते फुलांनी लगडतं. हे वर्षात कधीही करा, आंबा, लिंबू, डाळिंब कशालाही चालतं. खत, पाणी, छाटणी यांची गरज उरत नाही आणि फळं दुप्पट येतात.

यातला गाभा खरा आहे. फांदी वाकवून बांधली की पेरूला ठरवलेल्या वेळी बहार आणता येतो. पश्चिम बंगालमध्ये बारुईपूरच्या बाजूला आणि बांगलादेशात ही पद्धत पेरूच्या बागांमध्ये रुळलेली आहे. म्हणूनच मजकुरातल्या बाकीच्या गोष्टींकडे दुर्लक्ष करून चालणार नाही. खऱ्या गोष्टीच्या आधाराने चुकीच्या सूचना पसरतात आणि नुकसान झाडाचं होतं.

«झाड घाबरतं, म्हणून फुलतं»

सगळ्या चुकांचं मूळ या वाक्यात आहे. फांदी उभी असते तेव्हा तिच्या शेंड्यात तयार होणारं ऑक्झिन हे संजीवक, म्हणजे वाढीवर ताबा ठेवणारं द्रव्य, खाली वाहत राहतं आणि ते वाहतं तोवर खालचे डोळे, म्हणजे पानांच्या बगलेतले सुप्त अंकुर, दबलेले राहतात. १९३० च्या दशकात केनेथ थिमन आणि फोल्के स्कूग या वनस्पतिशास्त्रज्ञांनी बाकल्याच्या (एक शेंगवर्गीय पीक) रोपांवर हे दाखवून दिलं. शेंडा खुडला की बाजूचे डोळे फुटत. पण खुडलेल्या जागी ऑक्झिन लावलं तर ते शेंडा असल्यासारखेच दबून राहत. फांदी आडवी केली की शेंड्याची वाढ मंदावते, त्याचा हा वचक कमी होतो, आणि मुळांकडून येणारं सायटोकायनिन हे डोळे फुटवणारं संजीवक व साठवलेलं अन्न बाजूच्या डोळ्यांना मिळू लागतं. डोळे फुटतात, नवी फूट येते. पेरूची फुलं याच नव्या फुटीवर, खालच्या काही पानांच्या बगलेत येतात. जितक्या जास्त डोळ्यांना फूट, तितक्या फुलांच्या जागा जास्त. एवढाच हा व्यवहार आहे.

हे नीट समजलं नाही की जितका छळ तितकं फळ अशी समजूत होते. मग दोर अधिक आवळला जातो, दगड अधिक जड होतो, उरलेली पानंही तोडली जातात. प्रत्यक्षात नवी फूट पोसायला झाडाला ताकद लागते. ज्याची ताकद आधीच काढून घेतली आहे ते झाड फुटलं तरी काड्याच देतं.

बहार धरताना पाणी तोडून ताण देतात, तोही छळच नाही का, असं विचारलं जातं. त्या ताणात वाढ थांबते, पानांनी केलेलं अन्न फांद्यांत साठतं आणि मग पाणी सुरू केल्यावर ते एकदम नव्या फुटीला मिळतं. तो ताण ठरावीक दिवसांचा असतो, हलक्या जमिनीत कमी आणि भारी काळ्या जमिनीत जास्त. बागायतदार तो झाडाकडे बघून सोडतो.

«जमिनीकडे ओढा, घट्ट बांधा, दगड लटकवा»

इथे सविस्तर बोलायला हवं, कारण फांद्या मोडतात त्या इथेच.

फांदी एक ते दोन वर्षांची, सरळ वर गेलेली निवडावी. पेन्सिलीपेक्षा जाड आणि अंगठ्यापेक्षा बारीक असेल तर ती वाकते. त्याहून जाड असेल तर बेचक्यात फाटते. पेरूचं लाकूड टणक आहे आणि अरुंद कोनाचा बेचका झटक्यात चिरतो. म्हणून एका हाताने बेचका खालून घट्ट धरायचा आणि दुसऱ्या हाताने फांदी हळूहळू, थोडी दाबून थोडी सोडून, खाली आणायची. एका दिवसात आडवी होत नसेल तर आज अर्धी आणा, तिथे बांधा आणि चार-पाच दिवसांनी उरलेली आणा. कोवळा भाग सकाळी पाण्याने ताठ असतो आणि लगेच मोडतो. दुपार कलल्यावर तो अधिक नमतो.

दोर कुठे बांधता यावर फूट कुठे येणार हे ठरतं. केवळ टोकाला बांधून ओढलं तर फांदीची कमान होते. कमानीच्या सगळ्यात उंच बिंदूवरचे डोळे जोरात उठतात, सरळ आकाशाकडे जाणारे पानसोट, म्हणजे नुसत्या पानांच्या जोमदार फांद्या, तयार होतात आणि त्यापुढचा भाग उपाशी राहतो. मजकुरात म्हटल्याप्रमाणे टोक जमिनीला टेकवलं तर हमखास हेच होतं. फांदी बुडापासूनच कलली पाहिजे आणि पुढे जमिनीला साधारण समांतर राहिली पाहिजे. त्यासाठी दोर लांबीच्या दोन-तृतीयांशावर बांधा. फांदी लांब असेल तर दुसरा दोर अलीकडे घ्या. असं केलं की फूट पूर्ण लांबीवर, थोड्याफार अंतराने, सारख्या जोमाने येते.

दोर म्हणून दोन बोटं रुंद कापडी पट्टी उत्तम. सुतळी वापरली तर फांदीला टेकते तिथे सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा घाला. तार आणि बारीक नायलॉन वर्ज्य. फास आवळणारी गाठ नको. सैल कडं करा, त्यात करंगळी सहज फिरली पाहिजे. सालीच्या लगेच आत अन्न वाहून नेणारा थर असतो. आवळलेला दोर तो कापतो. सुरुवातीला काहीच दिसत नाही, उलट दोराच्या पुढचा भाग जरा फुगतो आणि काम जमलं असं वाटतं. काही महिन्यांनी फळांचा भार आला की फांदी नेमकी तिथेच मोडते. वाढीच्या दिवसांत दर आठवड्याला प्रत्येक कडं हाताने फिरवून बघावं.

दगड नकोच. तो वाऱ्याने हलतो, साल घासतो आणि हिसक्याने बेचका उघडतो. ओढ कमी-जास्तही करता येत नाही. त्याऐवजी ४५ सेंमीची खुंटी, ३० सेंमी जमिनीत, माथा झाडापासून लांब कललेला अशी ठोका. सरळ ठोकलेली खुंटी पहिल्या पावसात उपटून येते. कुंडीत खुंटी टिकत नाही. तिथे कुंडीच्या काठाखाली एक दोर गोल आवळून त्याला फांद्या बांधा, पण समोरासमोरच्या फांद्या जोडीने. एकाच बाजूला ओढ पडली तर कुंडी कलंडते.

फांदी फाटलीच तर वेळ घालवू नका. लाकूड ओलं असतानाच दोन्ही भाग जुळवा, कलम बांधायच्या पट्टीने गच्च गुंडाळा आणि खालून टेकू द्या. अर्ध्याहून जास्त भाग लोंबत असेल तर तो सांधत नाही. फांदी बुडाशी स्वच्छ कापून जखमेवर बोर्डो पेस्ट हा बुरशीनाशक लेप लावा. त्याचं प्रमाण १ किलो मोरचूद, १ किलो चुना, १० लिटर पाणी.

«पानं ओरबाडून टाका»

पानं काढतात हे खरं, सगळी नव्हे. फांदीच्या टोकाकडची १० ते १२ पानांची जोडी राखायची, बाकीची काढायची. सोबत फुलं, फळं आणि बारीक काड्याही काढायच्या. टोकाकडची ही पानं फूट येईपर्यंत फांदीला पोसतात. तीही काढली तर फूट फक्त साठवणीवर जगते आणि वीतभर होण्याआधीच थांबते. आणि ओरबाडणं तर मुळीच नको. पानाच्या देठाशीच तो डोळा असतो, ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप आहे. देठ ओढला की सालीसकट डोळा सोलून येतो. कात्रीने देठाचा थोडा भाग ठेवून पान कापा, उरलेला देठ आपोआप गळतो.

एप्रिल-मेमध्ये वाकवलेल्या फांदीची वरची बाजू दिवसभर उन्हात असते आणि सावलीला पानं नसतात. मराठवाडा, विदर्भाच्या उन्हात साल भाजून तडकते आणि त्या चिरेतून रोग शिरतो. वरच्या बाजूला पातळ चुन्याचा हात फिरवला तर हे टळतं. मात्र डोळ्यांवर जाड थर बसू देऊ नका.

«वर्षात कधीही करा»

वाकवता कधीही येईल, पण फळ कधी येणार ते मोजून घ्या. उबदार हवेत आठ ते पंधरा दिवसांत डोळे फुगतात, थंडीत त्याहून उशीर लागतो. वाकवल्यापासून फुलापर्यंत साधारण ४५ ते ६० दिवस आणि फुलापासून तोडणीपर्यंत चार ते पाच महिने. एप्रिलच्या दुसऱ्या पंधरवड्यात वाकवलं तर फुलं जूनमध्ये येतात, म्हणजे मृग बहार (पावसाळ्याच्या सुरुवातीची फुलं) मिळतो, आणि फळ नोव्हेंबरच्या आसपास थंडीत तयार होतं. गोडी, टिकाऊपणा, रंग सगळ्यात हे फळ सरस. पुण्याच्या गणेशखिंड फळ संशोधन केंद्रात निवडलेल्या सरदार म्हणजेच लखनौ-४९ या पेरूच्या जातीचा खरा स्वाद थंडीतल्या फळातच कळतो.

हेच काम नोव्हेंबरात केलं तर फूट रेंगाळते, फुलं जानेवारी-फेब्रुवारीत येतात आणि फळ ऐन पावसाळ्यात पिकतं. ते पाणचट असतं आणि फळमाशी त्यात अंडी घालते. मिथाईल युजेनॉल या वासाच्या आमिषाचे सापळे लावले तरी त्यांत फक्त नर माश्या येतात, आधीच अंडी घातलेली फळं वाचत नाहीत. पावसाळी फळ हवंच असेल तर ते जाणूनबुजून, फळांना पिशव्या घालायची तयारी ठेवून घ्या.

फूट सुमारे १ सेंमीची झाली की बहारासाठी वाकवलेल्या फांदीचा दोर सोडला तरी चालतो. फांदी थोडी वर उठेल, फुटलेले डोळे वाढत राहतील. झाडाचाच आकार पसरट करायचा असेल तर मात्र ती पूर्ण हंगाम बांधून ठेवावी लागते, आणि दोराची जागा अधूनमधून बदलावी लागते.

«आंबा, लिंबू, डाळिंब, कशालाही चालतं»

चालत नाही. नव्या फुटीवर, पानाच्या बगलेत फूल हा पेरूचा स्वभाव आहे. आंब्याचा मोहोर आधी येऊन पक्व झालेल्या काडीच्या शेंड्यावर येतो. त्याची फांदी वाकवून बाजूचे डोळे उठवले तर हाती येते कोवळी पालवी. लिंबाची फांदी आडवी केली की वरच्या अंगाने काटेरी पानसोट सुटतात. डाळिंबाचा बहार ताण, पानगळ आणि हलक्या छाटणीनेच धरावा. अंजिराला डोळे उठवायचे असतात हे खरं, पण त्यासाठी डोळ्याच्या वर सालीत खाच पाडायची पद्धत आपल्याकडे आहे आणि ती अधिक नेमकी आहे.

वेलगुलाबाला हे तंत्र सुरेख लागू पडतं. कांडी आडवी बांधली की लांबीभर फुलांच्या काड्या येतात. पॉलिहाऊसमधल्या गुलाबातही काड्या वाकवतात, मात्र तिथे उद्देश निराळा असतो. बारीक, विक्रीयोग्य फूल न देणाऱ्या काड्या पानांसकट खाली वाकवून ठेवायच्या, म्हणजे त्यांची पानं अन्न तयार करत राहतात आणि बुडाकडून जाड, लांब दांड्याची फूट येते. तिथे पानं काढली तर सगळा हेतूच बुडाला.

«खत, पाणी, छाटणी नको, फळं दुप्पट»

डोळे उठले की झाडाची मागणी वाढते. त्या वेळी पाणी नसेल तर फूट आखूड राहते आणि कळ्या पिवळ्या पडून गळतात. वाकवल्यावर पाणी नियमित ठेवा, साचू देऊ नका. शेणखत, स्फुरद आणि पालाश बहार धरतानाच पूर्ण द्या. नत्र अर्धं तेव्हा आणि अर्धं फळं वाटाण्याएवढी झाल्यावर. सगळं नत्र एकदम ओतलं तर फूट लांबच लांब जाते आणि फुलं कमी लागतात.

छाटणीही टळत नाही. आडव्या फांदीवरून उठलेल्या उभ्या काड्या एका हंगामात एकमेकींना झाकतात आणि आतला भाग अंधारतो. बुडाकडून उठलेले पानसोट काढावेत, दाटलेली फूट विरळ करावी, आणि तोडणी झाल्यावर फळ दिलेल्या काड्या मागे घ्याव्यात.

दुप्पट फळांचं म्हणाल तर झाडावर दुप्पट फळं लागतील, पण ती ठेवायची नाहीत. आडव्या फांदीला सगळा भार बेचक्यावर पेलावा लागतो. जास्त फळं ठेवली तर ती लहान राहतात आणि झाड पुढच्या बहाराला थकतं. फळं सुपारीएवढी झाली की प्रत्येक काडीवर एक, जोमदार काडीवर फार तर दोन, एवढीच ठेवावीत. मोठ्या फळाच्या जातींत तर एकच. भरलेल्या फांदीला खालून बांबूचा टेकू द्यावा. कलम लावून दोन वर्षंही झाली नसतील तर वाकवणं फक्त सांगाड्यासाठी करावं, उभ्या रेषेपासून ४५ ते ६० अंशांपर्यंतच, आणि तेव्हा आलेली फुलं खुडून टाकावीत.