रस्ता वाचला, पण ड्रेनेजची लाइन तपासली का?
आडव्या ड्रिलिंगवरचा, म्हणजे रस्त्याखालून आडवं भोक पाडून पाइप टाकण्यावरचा तुमचा लेख वाचला. यात रस्ता फोडावा लागत नाही, हे छान मांडलंय, पण सगळ्यात मोठा धोका राहून गेला. ड्रिलच्या डोक्यात ट्रान्समीटर असतो, त्यामुळे वर लोकेटर (त्याचा सिग्नल पकडणारं यंत्र) घेऊन चालणाऱ्याला खोली आणि दिशा कळते. तिरकं टोक फिरवत ढकललं की सरळ जातं, न फिरवता ढकललं की वळतं. पण वाटेत आधीच कुठली लाइन आहे, हे तो ट्रान्समीटर सांगत नाही! गॅसची पाइप ड्रेनेजमधून आरपार गेली तरी वर कुणाला पत्ता लागत नाही. पुढे कधीतरी ड्रेनेज तुंबतं, सफाईसाठी फिरत्या पात्याचं यंत्र आत जातं, पाइप कापली जाते आणि गॅस ड्रेनेजवाटे घरात शिरतो. असे स्फोट झालेले आहेत.

म्हणून नुसत्या नकाशावर भिस्त ठेवू नये. जुनी लाइन ओलांडायची तिथे छोटा खड्डा घेऊन ती डोळ्यांनी बघायलाच हवी, आणि काम संपल्यावर ड्रेनेजमध्ये कॅमेरा फिरवायला हवा. हे टेंडरमध्येच लिहिलेलं असावं, कंत्राटदाराच्या मर्जीवर नको. शिवाय दाब वाढला की ड्रिल करताना भोकात सोडलेला बेंटोनाइटचा (एक प्रकारची चिकणमाती) चिखल जमिनीतल्या फटींतून रस्त्यावर किंवा ओढ्यात येतो, तेही लेखात जरूर घाला.