गळ्याला बेटाडीन आणि वीस हजारांचा आकडा

देवगडला राहणारी माझी आत्या यंदा पावसाच्या तोंडावर दोन दिवस घराबाहेर पडली नाही. तिसऱ्या दिवशी मी गेलो, तेव्हा तिच्या पोलक्याच्या गळ्यावर तपकिरी डाग होते आणि फडताळात मिठाच्या सहा पिशव्या होत्या. कारण विचारल्यावर तिने मोबाइल पुढे केला. कुटुंबाच्या ग्रुपवर आलेल्या त्या मजकुराचा गोषवारा असा: जपानमधल्या फुकुशिमाच्या अणुभट्टीचा अणुबाँबसारखा स्फोट झाला, वीस हजार माणसे किरणोत्सर्गाने मेली, माध्यमांनी ते दडपले, आणि आता ते विष समुद्रातून सगळीकडे पसरले आहे, म्हणून पाऊस आला तर चोवीस तास घरात थांबा, गळ्याला बेटाडीन लावा, मीठ साठवा, मासे खाऊ नका. मजकुरावर तारीख नाही. पाऊस आणि बेटाडीनचा भाग तर मार्च २०११ मध्ये बीबीसीच्या नावाने आशियाभर फिरलेल्या एसएमएसमधून जसाच्या तसा उचललेला आहे, आणि तो आपला नसल्याचे बीबीसीने तेव्हाच जाहीर केले होते.

आधी बेटाडीनचे पाहू, कारण आत्या रोज सकाळी थायरॉइडची गोळी घेते आणि तिच्याच गळ्याला हे फासले गेले. अणुभट्टीतून किरणोत्सर्गी आयोडीन बाहेर पडले, तर थायरॉइड ग्रंथीने ते शोषू नये म्हणून साधे आयोडीन आधीच पोटात देतात, एवढा धागा खरा आहे. पण ते प्रौढांना १३० मिलिग्रॅम पोटॅशियम आयोडाइडच्या गोळीतून, डॉक्टरांच्या किंवा प्रशासनाच्या सांगण्यावरूनच द्यायचे असते. जखमेवर लावायचे औषध गळ्याला चोळून ते संरक्षण मिळत नाही. उलट त्वचेतून जे काही आयोडीन आत जाते, ते आधीच बिघडलेल्या ग्रंथीला त्रासदायक ठरू शकते. मिठाचा हिशेब तर कोणालाही घरी करता येईल. त्या एका गोळीत साधारण १०० मिलिग्रॅम आयोडीन असते आणि आपल्या आयोडीनयुक्त मिठात किलोमागे १५ ते ३० मिलिग्रॅम. म्हणजे एका गोळीची बरोबरी करायला तीन ते सात किलो मीठ एका दिवसात खावे लागेल, आणि तेवढे मीठ खाणाऱ्याला थायरॉइडची काळजी करण्याइतका वेळच उरणार नाही. चीनमध्ये मार्च २०११ मध्ये याच समजुतीपायी दुकानांतले मीठ संपले होते. शिवाय ते किरणोत्सर्गी आयोडीन (आयोडीन-१३१) दर आठ दिवसांनी निम्मे होते, त्यामुळे तेव्हा बाहेर पडलेले आयोडीन त्याच वर्षात नाममात्रही उरले नाही. आज ते अडवायचे तरी कुठे?

वीस हजारांचा आकडा कोठून आला, हे उघड आहे. ११ मार्च २०११ च्या भूकंपात आणि त्सुनामीत सुमारे १५,९०० माणसे मेली आणि अडीच हजारांवर बेपत्ता झाली. त्यांतली बहुतेक पाण्यात बुडाली. पण त्याच त्सुनामीने अणुभट्टी बिघडल्यामुळे बातम्यांत त्सुनामी आणि अणुभट्टी इतक्यांदा एकाच वाक्यात आल्या की वाचणाऱ्याने मृतांचा आकडा अणुभट्टीच्या नावे मांडला. किरणोत्सर्गाच्या परिणामांचा अभ्यास करणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या वैज्ञानिक समितीने २०२१ मध्ये स्पष्ट लिहिले आहे की, फुकुशिमाच्या रहिवाशांच्या आरोग्यावर थेट किरणोत्सर्गामुळे झालेला कोणताही दुष्परिणाम नोंदला गेलेला नाही. प्रकल्पातल्या एका कामगाराचा फुप्फुसाच्या कर्करोगाने झालेला मृत्यू मात्र जपान सरकारने २०१८ मध्ये भरपाईसाठी ग्राह्य धरला.

माणसे मेली ती पळापळीत. प्रकल्पाजवळच्या रुग्णालयांतून आणि वृद्धाश्रमांतून अंथरुणाला खिळलेल्यांना बसमध्ये बसवून तासन्‌तास फिरवले गेले आणि थंडीने, पाण्यावाचून, औषधावाचून पन्नासहून अधिक रुग्ण वाटेत किंवा नंतर लगेच दगावले. पुढच्या वर्षांत स्थलांतराच्या हालांनी आणि ताणाने गेलेले धरून फुकुशिमा प्रांतात असे दोन हजारांवर मृत्यू सरकारदरबारी नोंदले आहेत. फॉरवर्ड लिहिणाऱ्याला याचा पत्ताच नाही.

बाँबसारखा स्फोट वगैरे काही नव्हते. इंधनाच्या नळ्यांवरचे झर्कोनियम तापून वाफेशी संयोग पावले, हायड्रोजन साठला आणि इमारतींची छपरे उडाली. विष समुद्रात पसरल्याचे दाखवायला मजकुरासोबत जोडलेला रंगीत नकाशा तर अमेरिकेच्या सागरी संस्थेचा, त्सुनामीच्या लाटांच्या उंचीचा आहे. मूळ नकाशात कडेला सेंटिमीटरची पट्टी आहे, फॉरवर्डमध्ये ती नाही.

दडपण्याबद्दल मात्र, जिवावर येऊन, थोडे कबूल करावे लागते. इंधन वितळल्याचे, म्हणजे ‘मेल्टडाउन’ झाल्याचे, प्रकल्प चालवणाऱ्या कंपनीने दोन महिन्यांनी मान्य केले, आणि ‘मेल्टडाउन’ हा शब्द वापरू नका अशी वरून सूचना होती हे २०१६ मध्ये बाहेर आले. किरणोत्सर्गी ढग कोणत्या दिशेला जाईल याचा सरकारी संगणकाचा अंदाज लोकांना वेळेवर मिळाला नाही आणि नामिए गावचे काही लोक वायव्येला, नेमके तो ढग गेला तिकडेच, आसऱ्याला गेले. पण हे सगळे आपल्याला कळले ते जपानमधल्या चौकशी समित्यांमुळे आणि पत्रकारांमुळेच. त्यांनाच माध्यमे म्हणतात.

राहिले मासे. फुकुशिमाच्या किनाऱ्यावर २०११ मध्ये खरोखरच दूषित मासळी सापडली होती आणि तिथली मासेमारी बंद ठेवावी लागली होती. ऑगस्ट २०२३ पासून प्रकल्पातले जे शुद्ध केलेले पाणी समुद्रात सोडतात, त्यात ट्रिटियमची (हायड्रोजनच्या किरणोत्सर्गी प्रकाराची) मर्यादा लिटरमागे १,५०० बेक्वेरेल (किरणोत्सर्ग मोजण्याचे एकक) आहे. जागतिक आरोग्य संघटना पिण्याच्या पाण्यालाही १०,००० पर्यंत हरकत घेत नाही. आत्याचा बांगडा तर देवगडच्या बंदरावर उतरतो आणि ज्यांच्या होडीतून तो येतो त्यांना ती नावाने ओळखते. बेटाडीनची बाटली मी जखमांच्या डब्यात परत ठेवली. मिठाचे काय करायचे, ते लोणच्याच्या वेळी बघू म्हणाली.