‘दिवसाला दोनशे शब्द’ कसे होत नाहीत

सुट्टी जवळ आली की बेळगाव, खानापूर, निपाणीच्या कॉलेज ग्रुपांवर एक मजकूर फिरतो: कोरवी, वडारी, लंबाणी भाषांचे शब्द गोळा करायचं काम आहे, मोबाईल हवा, मराठी-कन्नड यायला हवं, दिवसाला दोनशे शब्द आरामात होतात, चुकलं तर वरचे लोक बघून घेतील. काम मोलाचं आहे, जरूर घ्या. पण या मजकुरावर विसंबून नको.

आधी दोनशेचा हिशेब. एक शब्द तीनदा म्हणून घ्यायचा, मग वाक्यात, मग अर्थ विचारायचा. मिनिट गेलंच. म्हणजे सलग 3 तास 20 मिनिटं. सत्तरीतली आजी पाऊण तासात थकते आणि पुढे कशालाही ‘हो, तेच’ म्हणते. दिवसाला चाळीस-पन्नास नीट शब्द मिळाले तर खूप झालं. ते ऐकून उतरवायला बोलण्याच्या कितीतरी पट वेळ जातो, त्याचे पैसे धरलेत का ते विचारून घ्या.

‘मराठी-कन्नड येतं ना, मग झालं’ हे सगळ्यात घातक. कोरवी तमिळला जवळची, वडारी तेलुगूला, लंबाणी राजस्थानीच्या गोतावळ्यातली. ओळखीसारखा शब्द आला की आपला कान तो परस्पर दुरुस्त करतो. लिपीही फसवते. कन्नडमध्ये ‘दे’ आणि ‘शिंग’ यांत फरक फक्त ऱ्हस्व-दीर्घ ‘ओ’चा. रोजच्या देवनागरीत दोन्ही ‘कोडु’च. ऱ्हस्व ऎ आणि ऒ युनिकोडमध्ये आहेत, ते कीबोर्डवर घ्या. मराठीतही ‘जग’ म्हणजे दुनिया आणि ‘जग’ म्हणजे जगत राहा, यांतला ज वेगळा, लिहिताना एकच. असे च-ज कसे लिहायचे याची खूण पहिल्याच दिवशी ठरवा.

विचारायची पद्धत चुकली तर रेकॉर्डिंग स्वच्छ असूनही शब्द चुकीचा येतो. झाडाकडे बोट दाखवलं तर आंबा की फणस ते सांगतील, ‘झाड’ला काय म्हणतात ते नाही. मराठीत यादी वाचली तर पाहुण्याला समजावं म्हणून उत्तरही मराठी वळणाचं मिळतं. त्यापेक्षा टोपली विणणाऱ्याजवळ बसा. बांबू फोडला, पट्टी सोलली, कड वळवली, प्रत्येक वेळी ‘आत्ता काय केलंत?’ एवढंच विचारा. यादीत नसलेली क्रियापदं अशीच हाती लागतात.

मोबाईल पुरतो, हे अर्धं खरं. रेकॉर्डिंग अ‍ॅपच्या सेटिंगमध्ये हे निवडा: वेव्ह फाईल (यात आवाज दाबून लहान केला जात नाही), 48 किलोहर्ट्झ, 24 बिट, मोनो (एकच चॅनल). तासाला साधारण 520 एमबी जागा लागते. कॉलर माईक तोंडापासून वीतभर, जरा बाजूला. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेला आवाज दाबला जातो आणि स-च सारखे बारीक फरक पुसट होतात. केबलने कॉपी करा, त्याच रात्री दोन ठिकाणी. खानापूरच्या पावसात पत्र्याखाली रेकॉर्डिंग करू नका, पत्र्याचा आवाज नंतर काढता येत नाही.

‘वरचे लोक’ काय दुरुस्त करणार? त्यांच्या हाती तुमचीच फाईल असते. 1971 पासून जनगणनेत 10,000 पेक्षा कमी लोकांच्या भाषा वेगळ्या दाखवत नाहीत, त्यामुळे लहान बोलीचा दुसरा पुरावा सापडेलच असं नाही. म्हणून प्रत्येक फाईलसोबत तारीख, गाव, बोलणाऱ्याचं वय, घरची भाषा आणि येणाऱ्या इतर भाषा लिहा. नावाऐवजी क्रमांक द्या.

सुरुवातीलाच संमती घ्या, त्यांना कळेल अशा भाषेत, रेकॉर्ड करून: आवाज कुठे ठेवणार, कोण ऐकणार, नको वाटला तर काढता येईल का. आणि ज्यांचा रोजगार बुडतो त्यांना त्या दिवसाची मजुरी मिळणार का, हे काम स्वीकारण्याआधी लेखी घ्या.