मंदिर सरकारमुक्त म्हणजे नक्की कशातून मुक्त?

'मंदिरं सरकारमुक्त करा' ही घोषणा आता इंदूरच्या मराठी घरांतही रुळली आहे. पण तिच्यात मालकी, हिशेब आणि पूजा या तीन गोष्टी एकत्र कालवल्या आहेत.

पूजेचं लवकर आटपतं. घटनेच्या कलम २६ नुसार धर्माच्या बाबतीत संप्रदाय स्वतःचा कारभार पाहतो, पण मालमत्तेचा कारभार कायद्यानुसारच करायचा. कलम २५(२) सरकारला धर्माशी निगडित आर्थिक व्यवहारांवर नियमन करू देतं. म्हणजे नैवेद्य कोणता हे कलेक्टर सांगणार नाही, दुकानाचं भाडं कुठे गेलं ते मात्र विचारू शकतो.

मालकी देवाची. ६ सप्टेंबर २०२१ ला सर्वोच्च न्यायालयाने मध्य प्रदेशच्याच प्रकरणात सांगितलं की महसुली नोंदीत भूमिस्वामी म्हणून देवाचं नाव लागेल, पुजाऱ्याचं नाही. पुजारी व्यवस्था पाहणारा. आणि मंदिर कायद्याने सरकारच्या ताब्यात गेलेलं नसेल तर व्यवस्थापक म्हणून कलेक्टरचंही नाव नको. दोघांच्याही हातून खसरा, म्हणजे जमिनीची ही महसुली नोंद, सुटला, हे घोषणा देणारे सांगत नाहीत.

खरी गडबड हिशेबात. आपल्याकडे मध्य प्रदेशात १९५१ चा पब्लिक ट्रस्ट कायदा आहे. त्याच्या व्याख्येत मंदिर, मठ, मशीद, चर्च सगळे येतात. वक्फसाठी १९५४ मध्ये वेगळा केंद्रीय कायदा आला. १९५१ च्या कायद्याचं कलम १४ पाहा: विक्री, गहाण, अदलाबदल, दान, शेतजमिनीचा ७ वर्षांपेक्षा आणि बाकी जागेचा ३ वर्षांपेक्षा जास्त मुदतीचा भाडेपट्टा, रजिस्ट्रारच्या (ट्रस्टची नोंदणी करणाऱ्या अधिकाऱ्याच्या) पूर्वपरवानगीशिवाय वैध नाही. गल्लीतल्या मंदिराच्या अध्यक्षाने एका सहीवर दुकान ३० वर्षांसाठी दिलं की तिथेच घोळ. कागद स्टॅम्पवर असला, नोटरी झालेला असला, तरी परवानगीची उणीव भरून निघत नाही.

होळकरांच्या 'खासगी' नावाच्या ट्रस्टचं प्रकरण इंदूरकरांनी या नजरेने वाचावं. होळकरांकडे खासगी, म्हणजे राण्यांची मिळकत, वेगळी; दौलत, म्हणजे राज्याचा खजिना, वेगळी. १७३४ मध्ये मल्हारराव होळकरांच्या पत्नी गौतमाबाईंना खासगी मिळाली, अहिल्याबाईंनी त्यावर तुळशीपत्र ठेवून ती धर्मकार्याला वाहिली, अशी परंपरा. राज्यकर्त्याच्या हातातलं असूनही राज्यकर्त्याचं नाही, ही कल्पना आपल्या गावात कोणत्याही घटनेआधीची! १९४८ च्या संस्थानाच्या विलीनीकरणाच्या करारात खासगीचं उत्पन्न तेव्हाच्या मध्य भारत राज्याच्या सरकारकडे गेलं आणि बदल्यात वर्षाला २,९१,९५२ रुपये कायमचे ठरले. १९६२ मध्ये ट्रस्ट झाला. हरिद्वारच्या कुशावर्त घाटाच्या विक्रीवरून वाद पेटला. ट्रस्टचं म्हणणं, आम्हाला १९५१ चा कायदा लागूच होत नाही. जुलै २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते अमान्य केलं: नोंदणी करा, आणि रजिस्ट्रारने विकलेल्या मालमत्तांची चौकशी करावी. आर्थिक गुन्हे शाखेच्या चौकशीचा आदेश मात्र रद्द केला. विश्वस्तांत सरकारी अधिकारी होते, तरी त्याने कलम १४ टळत नाही, हा त्यातला माझ्या मते सगळ्यात कामाचा भाग.

म्हणून माझं मत: नोंदणी आणि परवानगी राहू दे, मंदिर, मठ, चर्च सगळ्यांना सारखी. सरकारला काढायचंच असेल तर पुजारी नेमण्यातून काढा. आणि घोषणेआधी आपल्या मंदिराचे तीन कागद मागा: खसऱ्यात नाव कुणाचं, ट्रस्ट रजिस्टरमध्ये मालमत्तेची यादी पूर्ण आहे का, आणि प्रत्येक भाडेकराराची मुदत किती.