टेम्पलेट लिहिणाऱ्या थोर मंडळींसाठी

नवा प्रोजेक्ट काढताना टीमला दर वेळी जुन्या फोल्डरची नक्कल करावी लागते, हे तुम्हाला बघवत नाही. म्हणून तुम्ही कुकीकटरचं, म्हणजे प्रश्न विचारून नव्या प्रोजेक्टचं फोल्डर तयार करून देणाऱ्या साधनाचं, टेम्पलेट लिहायला घेतलंय. उत्तम! चार गोष्टी ध्यानात ठेवा.

प्रश्न भरपूर विचारा. प्रोजेक्टचं नाव, मग फोल्डरचं, मग पॅकेजचं, मग रेपोचं. पहिल्यावरून बाकीची तिन्ही जिंजाला (टेम्पलेटातल्या जागा भरणारं कुकीकटरचं इंजिन) काढता येतात, पण मग समोरच्याने काय नुसतं बसून राहायचं?

लेखक म्हणून डिफॉल्टला स्वतःचं नाव ठेवा. लोक एंटर दाबत सुटतात, अजरामर व्हाल.

रीडमीत 'लवकरच' एवढं पुरे.

आता डॉकर, म्हणजे प्रोग्राम सगळ्या सामानासकट डब्यात बंद करून चालवणारं साधन. 'डॉकर हवं का?' असं अदबीने विचारा. प्रश्न आणि डिफॉल्ट उत्तरं असलेल्या जेसन फाइलमध्ये डिफॉल्ट 'वाय' (म्हणजे हो), अवतरणचिन्हांत. मेकफाइलमध्ये (बिल्डच्या आज्ञांची फाइल) नुसतं 'इफ यूज-डॉकर' लिहा आणि गंमत बघा. गेल्या शुक्रवारी संध्याकाळी मी 'एन' (म्हणजे नाही) टाकलं. पण 'एन' ही पडली स्ट्रिंग, म्हणजे नुसता मजकूर, आणि रिकामी नसलेली कुठलीही स्ट्रिंग जिंजाच्या लेखी खरीच! मेकफाइलमध्ये डॉकरच्या सगळ्या ओळी हजर. हुकमध्ये, म्हणजे फोल्डर तयार झाल्यावर चालणाऱ्या स्क्रिप्टमध्ये, मात्र 'एन'शी नीट तुलना केलेली, त्यामुळे त्याने डॉकरफाइल इमानेइतबारे उडवलेली. म्हणजे मेक बिल्ड जी फाइल मागतंय ती जागेवर नाही, आणि मी आपला डॉकरच्या एररवर डोकं आपटतोय. जे मी नको म्हणून सांगितलं होतं, त्याच डॉकरच्या!

गिटहब ॲक्शन्सची (पुश केल्यावर बिल्ड वगैरे आपोआप चालवणारी गिटहबची सोय) फाइल सगळ्यात शेवटी घाला, पुश करा आणि घरी जा. तिच्यातले, 'सीक्रेट्स'सारखी गिटहबची नावं असलेले दुहेरी महिरपी कंस जिंजा आपलेच समजतो, 'सीक्रेट्स' कोण म्हणून विचारतो आणि अर्धवट झालेलं फोल्डरही पुसून टाकतो. ठरावीक फाइल्स रेंडर न करता जशाच्या तशा कॉपी करायची सोय कुकीकटरमध्ये आहे म्हणे. असेल बापडी.

अहो, लिहिलंत ते एकदा चालवून तरी बघायचं! 2.2 पासून कुकीकटरला खरं-खोटं हा प्रकार कळतो. अवतरणचिन्हं काढा, ट्रू किंवा फॉल्स लिहा, संपलं. आवृत्ती जुनी असेल तर 'वाय'शी तुलना करा. एका ओळीचं काम आहे, त्याचाही कंटाळा? सीआयमध्ये (बदल झाला की आपोआप चालणाऱ्या तपासणीत) प्रत्येक प्रश्नाला एकदा 'नाही' म्हणून प्रोजेक्ट काढा आणि बिल्ड करा. आणि 'माझ्याकडे तर चालतंय' हे मला ऐकवू नका. तुमच्याकडे चालणारच. तुम्ही सगळ्यालाच 'हो' म्हणता!