सपाट दोनशे मीटर

कोकणातल्या हायस्कुलात क्रीडा महोत्सव भरवायचा म्हटलं तर मुलं मिळतात, बक्षिसं मिळतात, ग्रामस्थ मंडळ, मुंबई यांच्याकडून टी-शर्टही मिळतात. (सगळे एक्सेल मापाचे. आठवीतल्या मुलीला ते गुडघ्यापर्यंत येतात.) मिळत नाही ती सपाटी. चारशे मीटरचा ट्रॅक ही घाटावरच्यांची चैन. आमच्याकडे दोनशेचा आखायला घेतला तरी चौथ्या लेनसाठी शेजाऱ्याच्या काजूच्या बागेत परवानगी मागावी लागते.

आखणी कोण करणार? पटसंख्येच्या हिशेबात पी.टी.च्या शिक्षकाची वेगळी जागा बसत नाही, त्यामुळे शिट्टी भूगोल शिकवणाऱ्या माझ्यासारख्याच्या गळ्यात पडते. आणि कामाला लागलं की कळतं, इथे भूगोलाचा काही उपयोग नाही, सगळी भूमितीच आहे.

दोनशेच्या ट्रॅकचं गणित असं. ४० मीटरच्या दोन सरळ बाजू, म्हणजे ८० झाले. उरलेले १२० दोन अर्धवर्तुळांत बसवायचे, म्हणजे पळण्याच्या वाटेची त्रिज्या आली १९.१० मीटर. आतल्या बाजूला उंच कठडा असेल तर पळणारा कडेपासून ३० सेंटीमीटर बाहेरून जातो असं नियम धरून चालतो. नुसती रेघ असेल तर २० धरायचे. आपल्याकडे कसला आलाय कठडा? तेव्हा १९.१० मधून २० सेंटीमीटर वजा, रेघेची त्रिज्या १८.९०. प्रत्येक लेन १.२२ मीटर. चार लेन धरल्या तर सगळा पसारा ८८ बाय ४८ मीटरचा होतो. एवढी जागा कागदावर शाळेच्या नावे असते. प्रत्यक्षात एका कोपऱ्यात पाण्याची टाकी, एका बाजूला गडगा, म्हणजे दगडांची बुटकी भिंत, आणि मधोमध भुईतून वर आलेली कातळाची पाठ.

मधला आयत आधी आखायचा, ४० बाय ३७.८०. कोपरे काटकोनात आहेत की नाहीत ते ३-४-५ ने बघता येतं, पण छोट्या त्रिकोणात छोटी चूक लपते, म्हणून ६-८-१० घ्यावं. शेवटी दोन्ही कर्ण मोजायचे. दोन्ही ५५.०३ मीटर आले तर आयत बरोबर. शाळेत टेप असतो ३० मीटरचा. तो जोडून जोडून मोजताना जोडावर उभा राहिलेला मुलगा नेमका तेव्हाच डास मारतो, आणि एक कर्ण ५५ चा तर दुसरा साडेचोपन्नचा येतो.

पुढचं संकट अर्धवर्तुळाच्या मध्यबिंदूचं. तिथे खुंटी ठोकायची असते आणि तो बिंदू हमखास कातळावर येतो. जांभ्यात लाकडी खुंटी शिरत नाही. पहारीने भोक पाडायचं, नाहीतर दहावीतला एखादा वजनदार मुलगा तिथे उभा करून त्याच्याभोवती दोरी फिरवायची. दुसरा उपाय लोकप्रिय आहे, पण दोरी त्याच्या कमरेला गुंडाळत जाते, त्रिज्या आखूड होत जाते आणि शेवटी अर्धवर्तुळाची शंखाकृती होते. खुंटी असो वा मुलगा, दोरीला सैल फास हवा, म्हणजे ती गुंडाळत नाही, सरकते.

दोरी म्हणून घरोघरी असते ती सुतळी किंवा सुंभ. ती भिजली की आखडते, धागे फुगतात म्हणून. तालुका स्पर्धा पावसाळ्यात, गणपतीच्या मागेपुढे, त्यामुळे सराव सगळा भिजक्या दोरीवर. त्रिज्येत २० सेंटीमीटर कमी पडले की एका फेरीत सव्वा मीटर कमी होतो. पावसाळ्यात आमच्या शाळेचे विक्रम मोडतात त्यामागे हे शास्त्र आहे. नायलॉनची दोरी घ्यावी तर ती उलट ताणते. बरा उपाय म्हणजे वायर. इलेक्ट्रिशियनकडे जुनी पडलेली असते, ती देतो आणि वर ‘शाक बसाचो नाय, घाबरू नका’ असंही सांगतो.

मग फक्की, म्हणजे रेघा मारायची चुन्याची पूड. रेघ ५ सेंटीमीटर रुंद हवी आणि चार लेनच्या पाच रेघा मिळून हजार मीटरच्या वर जातात. तळाला भोकं पाडलेला डालड्याचा डबा हे यंत्र आजही उत्तम. चुना विरलेलाच घ्यायचा. कळीचा चुना कुटून टाकला आणि दवात भिजला तर अनवाणी पायांना भाजतो, आणि आमची अर्धी मुलं अनवाणीच पळतात. संध्याकाळी मारलेली फक्की सकाळपर्यंत टिकत नाही, कारण गावातल्या गुरांना रात्री मैदानात बसायची वहिवाट आहे. ती उठतात तेव्हा तिसरी लेन दुसरीत गेलेली असते.

चढउताराविषयी थोडक्यात सांगतो, कारण त्यात बोलण्यासारखं काही उरत नाही. पळण्याच्या दिशेने १००० ला १ एवढाच उतार नियमात चालतो, म्हणजे १०० मीटरला १० सेंटीमीटर. गवंड्याकडची पाण्याची नळी लावून आमचं मैदान मोजता येईल. मोजू नये.

१०० मीटर धावणं तर या मैदानात बसतच नाही. मागे उभं राहायला जागा, पुढे थांबायला पंधरा-वीस मीटर, म्हणजे १२० तरी सरळ हवेत. रस्ता वळणाचा आणि त्यावरून एसटी येते. म्हणून किनाऱ्याच्या शाळा १०० मीटर पुळणीवर घेतात, आणि माझ्या मते ओहोटीच्या ओल्या, दाबलेल्या वाळूसारखी धावपट्टी तालुक्याच्या मैदानावरही नाही. फक्की लागत नाही, काठीने रेघ ओढली की झालं. कोरड्या वाळूत मात्र पळायचं नाही. तिथे पाय रुततो आणि पोटऱ्या धरतात.

प्रश्न वेळेचा. तिथीला पाऊणपट केलं की भरतीची वेळ येते, वाडीतल्या कुठल्याही म्हाताऱ्याला विचारा. चतुर्थीला भरती तीनला, म्हणजे ओहोटी नवाला. पंचमीला पावणेचार, ओहोटी पावणेदहाला. अष्टमीला ओहोटी भर बाराला, त्यात भांगाचं पाणी, फार मागे जातच नाही. अमावास्या-पौर्णिमेला समुद्र भरपूर जागा देतो, पण पहाटे पाचच्या सुमारास, आणि तेव्हा टाइमकीपर झोपलेले असतात. म्हणून चतुर्थी-पंचमी धरावी. पण वरून पत्र येतं ते तारखेचं. खाशाबा जाधवांच्या जन्मदिनी, १५ जानेवारीला राज्य क्रीडा दिन, तेव्हा त्या आठवड्यात स्पर्धा घ्याव्यात वगैरे. समुद्र तिथी पाळतो, कार्यालय तारीख पाळतं, आणि या दोघांच्या मध्ये सातवीच्या मुलींची उपांत्य फेरी ओली होते.

त्यातून रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, लागली असेल तर काही विचारू नका. दोरी ओढायला माणसं कमी पडली की प्रेक्षक आधी जातात, मग पंच, मग स्पर्धक. अंतिम फेरीला सहापैकी चारच मुलं उभी राहतात. उरलेली दोघं पिशवीत बांगडे घेऊन नंतर येतात आणि आपली हीट पुन्हा घ्या म्हणतात.

मुलांविषयी तक्रार नाही. दम कमवायला त्यांना शिकवावं लागत नाही, रोजची घाटी ते काम करते. ३००० मीटर स्टीपलचेसमध्ये २८ अडथळे आणि ७ वेळा पाण्यावरून उडी असते. अविनाश साबळेने २०२४ मध्ये ते ८ मिनिटं ९.९१ सेकंदांत केलं. हे वर्गात सांगितलं की वरच्या वाडीतली मुलं एकमेकांकडे बघतात. गडगे आणि व्हाळ ओलांडल्याबद्दल पदक देतात ही त्यांना बातमी असते. शिकवावं लागतं ते सपाटीवर, रेघांच्या मध्ये पळायला. वळण आलं की जवळची वाट धरायची हे त्यांच्या अंगात भिनलेलं, त्यामुळे चौथ्या लेनमधला गडी पहिल्या वळणालाच पहिल्या लेनमध्ये येतो आणि बाद होतो. बाद का, हे त्याला समजावताना आपलाच आवाज लहान होतो.

पालकांची अडचण वेगळी. २०० मीटर म्हणजे आमच्याकडे पूर्ण फेरी. बाहेरच्या लेनची फेरी मोठी म्हणून दुसरीतल्याला ७.६७ मीटर पुढे उभं करायचं, तिसरीला १५.३३, चौथीला २३. (पुस्तकात दुसरीसाठी ७.०४ असतं, ते कठडेवाल्यांचं.) २३ मीटर पुढे उभा असलेला मुलगा बघितला की गडग्यावर बसलेल्यांत कल्लोळ होतो. “ओ सर, ह्येका येवढ्या फुडे कित्याक उभो केल्यात? कोणाचो तो?” मुलगा सरपंचांच्या भावकीतला निघाला तर भूमिती संपली. यावर फळ्यावर आकृती काढून उपयोग होत नाही. पहिल्या लेनची दोरी उचलून चौथ्या लेनवर धरून दाखवायची. ती पुरत नाही हे डोळ्यांनी दिसलं की निम्मे लोक गप्प बसतात.

रिलेला बॅटन विकत आणू नका. ती २८ ते ३० सेंटीमीटर लांब आणि १२ ते १३ सेंटीमीटर घेराची हवी. ४० एमएमच्या पीव्हीसी पाइपचा घेर साडेबारा येतो. प्लंबरकडून फूटभराला बोटभर कमी तुकडा घ्यायचा, कडा घासायच्या, की काम झालं. आणायच्या आहेत त्या पळणाऱ्या मुली. दहावीत मुली मोजक्या, त्याच खो-खोच्या बारांत, त्याच लेझमीत, त्याच स्वागतगीतात. चौथी धावणारी बॅटन घेऊन येते तेव्हा पाहुण्यांसमोर पेटी लागलेली असते आणि ती तशीच, बॅटनसकट, सुरात उभी राहते.

सरावाचा तास वेळापत्रकात दुपारच्या सुट्टीनंतर. आठवीपर्यंतची मुलं तेव्हा पोषण आहाराची खिचडी खाऊन आलेली असतात, दोनदा वाढून घेऊन. दुसऱ्या फेरीत बरगडीखाली कळ येते, मग “सर, माका पोटात दुखता.” खरंच दुखत असतं. शेवटचा तास मागावा तर पाचची एसटी, आणि ती चुकली तर पुढची सातला.

लांब उडीचा खड्डा एकदाच करायचा असतो असा समज आहे. ९ बाय ३ मीटर, खोली फूटभर, म्हणजे पावणेतीन ब्रासच्या वर वाळू. मिळाली तरी पहिला पाऊस ती चोपून घट्ट करतो आणि दुसरा निम्मी व्हाळात नेतो. उडीच्या दिवशी खोऱ्याने खणून मोकळी केली नाही तर मुलं बसल्या जागी कण्हतात. खेकड्यांची बिळं आधी बघून घ्यावीत. माप घ्यायचं ते उडी घ्यायच्या पट्टीच्या सगळ्यात जवळच्या खुणेपासून. मुलगा साडेचार मीटरवर पडतो, मागे हात टेकतो आणि उडी होते चार. हे त्याला कोणी आधी सांगितलेलं नसतं. उंच उडीला चिव्याचा बांबू आणि पलीकडे पेंढा. त्यावर कात्री उडीच मारू द्यावी. टीव्हीवर बघून पाठीवर पडणाऱ्यांना पेंढ्याच्या खाली कातळ आहे याची आठवण करून द्यायची. बांबू मधे वाकतो, तेव्हा उंची मधूनच मोजावी, टोकाला नव्हे.

८०० मीटर म्हणजे चार फेऱ्या, १५०० म्हणजे साडेसात. शेवटच्या फेरीला घंटा द्यायची असते. आमच्या शाळेची घंटा म्हणजे व्हरांड्यात टांगलेला रुळाचा तुकडा. तो वाजला की पाचवी-सहावीची मुलं दप्तरं उचलून फाटकाबाहेर पडतात, आणि पळणाऱ्यांतलेही एकदोघे त्यांच्याबरोबर. तोवर मागे पडलेला मुलगा पुढच्याबरोबरच रेघ ओलांडतो आणि आपण पहिले आलो म्हणून खाली बसतो. त्याला अजून एक फेरी आहे हे सांगायला जो जातो त्याच्या फेऱ्यांच्या वहीतला हिशेब तिथेच तुटतो.

वेळ हातघड्याळावर. पिस्तूल नसतं, दोन फळ्या आपटून सुरुवात. टाइमकीपरने आवाजावर बटण दाबायचं नाही, फळ्या मिटताना दिसल्या की दाबायचं. १०० मीटर यायला आवाजाला पाव सेकंदाहून जास्त लागतो आणि तेवढा वेळ मुलाला फुकट मिळतो. १३.४१ आले तर १३.५ लिहायचे, वरच्या दशांशाला. तीन घड्याळं असतील तर मधली वेळ, दोन असतील तर जास्तीची. आमच्याकडे दोन असतात आणि त्यातलं एक मोबाइल, ज्यावर नेमका त्याच वेळी फोन येतो.

आणि शेवटची रेघ. आधी पोचतं ते धड बघायचं. हात नाही, डोकं नाही, पाय तर नाहीच. हे गडग्यावरच्या मंडळींना मान्य नसतं. त्यात हल्ली प्रत्येक शर्यत कोणीतरी विरारला किंवा दिव्याला मामाला दाखवत असतो. निकाल जाहीर व्हायच्या आत मामाचं अपील येतं, “आमचोच पयलो, माझ्याकडे व्हिडिओ आसा.” व्हिडिओ बघावा लागतो. त्यात सुरुवात स्पष्ट दिसते, मधली पन्नास मीटर स्पष्ट दिसतात, आणि रेघ आली की दिसतो फक्त काढणाऱ्याचा अंगठा.